खेकड्याविना क्रॅब स्टिक

क्रॅब स्टिकच्या पाकिटावर खेकडा झोकात मिरवतो, आत मात्र बहुधा मासाच असतो. तो रत्नागिरीहून आलेलाही असू शकतो, कारण मिरजोळे एमआयडीसीतली गद्रे मरीन ही सुरिमीच्या, म्हणजे माशाच्या धुतलेल्या लगद्याच्या, जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. दीपक गद्रे यांनी ती 1978 साली सुरू केली. आज त्यांचे चिरंजीव अर्जुन गद्रे तिचे व्यवस्थापकीय संचालक आहेत. कोकणात वारसा म्हटलं की हापूसची कलमं आणि सामाईक घर आठवतं. इथे वारशात आला तो माशाचा पांढरा लगदा, आणि त्याचं रसायन थक्क करणारं आहे.

सुरिमीसाठी आपल्याकडे मुख्यतः राणी मासा वापरतात. दिसायला गुलाबी, देखणा, पण पापलेट-सुरमईपुढे भाव कमी. डोकं, काटे, कातडी काढून त्याचं मांस बारीक करतात आणि थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. रक्त, चरबी, वास आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं वाहून जातात. उरतात ती स्नायूंचे तंतू घडवणारी प्रथिनं, मुख्यतः मायोसिन आणि ॲक्टिन. मीठ घालून वाटलं की ती सुटी होतात आणि उष्णता मिळाली की एकमेकांत गुंतून जाळं विणतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसंच हे. मग या लगद्याची पातळ पट्टी शिजवायची, तिला बारीक चिरा पाडायच्या, गुंडाळी करायची आणि वरून लाल रंग द्यायचा. खेकड्याच्या नांगीतलं धाग्याधाग्यांचं मांस तयार!

अडचण होती गोठवण्याची. नुसता लगदा गोठवला की प्रथिनं बिघडतात आणि त्यांची पकड जाते. 1960 च्या सुमारास जपानमधल्या होक्काइडोच्या संशोधकांना उपाय सापडला, तो म्हणजे साखर. गोठताना साखर प्रथिनांना सांभाळते. एवढ्याशा युक्तीने नाशवंत मासळीचा महिनोन्महिने टिकणारा कच्चा माल झाला. पुढे 1970 च्या दशकात सुगियो ही जपानी कंपनी कृत्रिम जेलीफिश करायला गेली आणि त्या खटपटीतून क्रॅब स्टिक निघाली. रत्नागिरीत गद्रे यांनी सुरिमी बनवायला सुरुवात केली ती 1994 मध्ये.

आता वारसदाराच्या कामाकडे पाहा. सुरिमीची गोठवलेली लादी साधारण 10 किलोची असते आणि ती घेणारा स्वतः कारखानदार असतो. तो लगद्याचा लवचीकपणा, पांढरेपणा आणि पाण्याचं प्रमाण तपासतो. लादी कुठून आली हे शेवटी खाणाऱ्याला कळतही नाही. पाकिटावर स्वतःचं नाव घातलं की सगळंच बदलतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कल्ला उचलून ताजेपणा पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला बंद पाकिटावर विश्वास ठेवायला लावायचं, ही काही साधी गोष्ट नव्हे. शिवाय कारखान्यापासून दुकानापर्यंत थंडावा कुठेही तुटता कामा नये. आज गद्रे हे नाव देशातल्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये दिसतं, ते हे सगळं जमवल्यामुळे.

त्यात महाराष्ट्रात दरवर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मासे येत नाहीत, पण शीतगृहाचं वीजबिल येतच राहतं. म्हणून साठ्याचं गणित आधीच मांडावं लागतं.

कारखाना, यंत्रं आणि नाव वारशाने मिळतं. समुद्र मात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. 2023 साली महाराष्ट्र सरकारने 54 प्रजातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, तो पिल्लं वाचावीत म्हणून. सुरिमीच्या लगद्यात मासा लहान होता की मोठा, हे ओळखू येत नाही. म्हणूनच तो नियम पाळायची जबाबदारी या धंद्यावर इतरांपेक्षा जास्त आहे.