इंग्लंडांतील पुढील शिक्षण आणि त्याचा शिक्षक

इंग्लंडांत ‘फर्दर एज्युकेशन’ या नांवानें जें शिक्षण ओळखलें जातें, त्याला मराठींत नेमका शब्द सांपडणें कठीण आहे. तें शाळेंतील शिक्षण नव्हे आणि विद्यापीठांतीलहि नव्हे. सोळा वर्षांचा मुलगा शाळा संपवून नळकाम शिकूं लागतो, तीस वर्षांची गृहिणी जमाखर्च शिकण्यासाठीं संध्याकाळच्या वर्गाला येते, परदेशांतून नुकताच आलेला मजूर इंग्रजी अक्षरें गिरवितो. हे सर्व एकाच कॉलेजच्या छपराखालीं भेटतात. या शिक्षणाला येथें ‘पुढील शिक्षण’ म्हणूं. तें देणाऱ्या शिक्षकाची पात्रता कोणती असावी, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. २००१ सालापासून त्या देशाच्या सरकारनेंच आपलें उत्तर एकदां नव्हे, दोन-तीनदां फिरविलें आहे.

या शिक्षणाचें मूळ कारखान्यांत आहे. १८२३ सालीं जॉर्ज बर्कबेक या वैद्यानें इतरांच्या साह्यानें लंडनमध्यें कारागिरांसाठीं संस्था काढली. दिवसभर यंत्रापाशीं राबलेल्या माणसाला रात्रीं विज्ञानाचीं तत्त्वें समजावीं, हा तिचा हेतु. १८७८ सालीं सिटी अँड गिल्ड्स ऑफ लंडन इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि धंदेशिक्षणाच्या परीक्षांना शिस्त आली. परंतु शिकविणारा कोण? धंद्यांत मुरलेला माणूस, एवढेंच पुरे होतें. अध्यापनशास्त्र त्याला कोणी विचारीत नसे. १९४४ च्या शिक्षण-कायद्यानें पुढील शिक्षणाची सोय करणें हें स्थानिक शिक्षणसंस्थांचें कर्तव्य ठरविलें. त्यापाठोपाठ १९४६ सालीं बोल्टन येथें व १९४७ सालीं हडर्सफील्ड येथें अशा शिक्षकांसाठीं अध्यापन-विद्यालयें निघालीं. तेथें जाणें मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर होतें.

खरा पेंच येथेंच आहे. उत्तम सुतार हा उत्तम शिक्षक असेलच असें नाहीं. त्याच्या हाताला जें कळतें, तें जिभेवर येईलच असा नियम नाहीं. आपल्याकडे तालमींतला वस्ताद किंवा घराण्याचा गवई फारसें समजावून सांगत नाहीं. शिष्य पाहून पाहून उचलतो. पण त्या शिष्याच्या हातीं दहा-बारा वर्षें असतात. कॉलेजांतल्या मुलाच्या हातीं वर्ष-दोन वर्षें असतात, आणि तींहि आठवड्यांतले ठराविक दिवस. शिवाय येथें येणाऱ्यांपैकीं पुष्कळजण शाळेच्या परीक्षेंत एकदां ठेंचकाळलेले असतात. २०१४ पासून तर असा दंडक आहे कीं, सोळाव्या वर्षीं इंग्रजी व गणित यांत ठराविक श्रेणी न मिळविलेल्या विद्यार्थ्यानें पुढील शिक्षण घेतांना ते विषय चालूच ठेवावे, नाहीं तर कॉलेजला त्याच्यासाठीं सरकारी पैसा मिळत नाहीं. म्हणजे गणिताच्या शिक्षकासमोर बसलेला वर्ग बव्हंशी गणितानें आधींच हरविलेला असतो. केवळ गणित येणाऱ्या माणसानें हा वर्ग कसा सांभाळावा?

हें ओळखून २००१ सालीं नव्या शिक्षकांना अध्यापनाची पात्रता कायद्यानें सक्तीची झाली. २००७ सालीं नियम अधिक कडक झाले: पहिल्या वर्षांत एक प्राथमिक प्रमाणपत्र, पांच वर्षांच्या आंत पूर्ण पात्रता, आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्यास दरसाल तीस तास स्वतःच्या अभ्यासाचे. पुढें वारें बदललें. लॉर्ड लिंगफील्ड यांच्या समितीनें २०१२ सालीं सक्ती उठविण्याचा सल्ला दिला, आणि १ सप्टेंबर २०१३ पासून अध्यापनाच्या पात्रतेची सक्ती गेली. कोणाला नेमावें हें तेव्हांपासून कॉलेजनेंच ठरवावयाचें. शाळामास्तराच्या हातीं पदविका हवी आणि पुढील शिक्षणाच्या शिक्षकाला ती ऐच्छिक, हा भेद समर्थनीय वाटत नाहीं. मात्र कायद्याच्या धाकानें वीस वर्षांचा अनुभवी गवंडी कॉलेजच्या दारांतूनच परत जात असेल, तर त्यांतहि विद्यार्थ्याचेंच नुकसान, हेंहि नाकारतां येत नाहीं.

सक्ती गेली, तरी अपेक्षा राहिली. उमेदवारास आपल्या विषयांत निदान तिसऱ्या पातळीची पात्रता असावी, असें बहुतेक कॉलेजें धरून चालतात. त्या देशाच्या मापांत ही पातळी ‘ए लेव्हल’ परीक्षेच्या बरोबरीची, आणि सहावी म्हणजे पदवी. धंद्याचा विषय असेल तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहतात. इंग्रजी व गणित दुसऱ्या पातळीपर्यंत लागतें. मुलांशीं संबंध येत असल्यानें उमेदवाराचें पूर्वचरित्र सरकारी खात्याकडून तपासलें जातें.

अध्यापनाची पहिली पायरी म्हणजे तिसऱ्या पातळीचें छोटें प्रमाणपत्र. त्यांत प्रत्येकास सहाध्यायांपुढें निदान पंधरा मिनिटांचा पाठ द्यावा लागतो. पंधरा मिनिटें थोडीं वाटतात. परंतु स्वतःला पाठ असलेली गोष्ट न येणाऱ्याला सांगतांना बोलणाऱ्याची बोबडी कशी वळते, हें ज्यानें पाहिलें त्याला त्यांचें मोल कळेल. पूर्ण पात्रता पांचव्या पातळीच्या पदविकेनें मिळते. २०१३ पासून चालत आलेल्या पदविकेसाठीं शंभर तासांचें प्रत्यक्ष अध्यापन लागे. २०२४ सालीं तिच्या जागीं नव्या धर्तीची अध्यापन-पदविका आली. पदवीधरांना विद्यापीठाचा अध्यापन-अभ्यासक्रमहि मोकळा आहे. पुष्कळजण आधीं नोकरी धरतात आणि कामावर असतांनाच ही पदविका पुरी करतात. घर चालविणाऱ्या कारागिराला हाच मार्ग परवडतो.

यानंतर एक व्यावसायिक दर्जा आहे. ‘क्यू. टी. एल. एस.’ या आद्याक्षरांनीं तो ओळखला जातो. पदविकेनंतर कांहीं महिने आपल्या कामाचा पुरावा गोळा करून शिक्षकांच्या व्यावसायिक संस्थेपुढें ठेवला कीं तो मिळतो. १ एप्रिल २०१२ पासून हा दर्जा असलेल्या शिक्षकास शाळेंतहि पात्र शिक्षक म्हणून शिकवितां येतें, परंतु संस्थेचें सभासदत्व चालू असेपर्यंतच. वर्गणी थकली कीं दर्जाहि गेला.

पुण्या-मुंबईच्या ज्या घरांतील मुलगा किंवा सून तिकडे स्थायिक आहे, तेथें हा प्रश्न वेगळ्या रूपानें येतो. येथील बी. ई. किंवा बी. एस्सी. तिकडे कोणत्या पातळीची, हें कॉलेजला ठाऊक असेलच असें नाहीं. परदेशी पदव्यांची तुलना करून तसें लेखी पत्र ‘यूके एनिक’ ही संस्था शुल्क घेऊन देते. तें पत्र विषयाच्या ज्ञानापुरतेंच उपयोगी पडतें. येथील बी. एड. जवळ असली, तरी तिकडील पदविका वेगळी करावी लागेल कीं नाहीं, हें ज्या कॉलेजांत अर्ज करावयाचा, त्यासच आधीं लिहून विचारलेलें बरें.