मेहुण्यांचे संकेतस्थळ

संकेतस्थळ म्हणजे चार चित्रे आणि पत्ता, असा माझा समज होता. रत्नागिरीला आमच्या मेहुण्यांची हापूसची बाग आहे. दलालांना कंटाळून त्यांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला संकेतस्थळ बांधायला सांगितले. त्याने रंग विचारले नाहीत, विचारले, "काका, गिऱ्हाईक पहिला प्रश्न कोणता विचारते?"

"पेटी केव्हा मिळेल?"

मग कागदावर आराखडा, त्यावरून एचटीएमएलचा सांगाडा, वर सीएसएसचा साज. मेहुण्यांना मुखपृष्ठावर वडिलांची मोठी तसबीर हवी होती. बाग त्यांनीच लावलेली. पण मोबाइलवर वडिलांनी सारा पडदा व्यापला, आंबे दिसेनातच! मेहुणे गप्प झाले. शेवटी वडील 'आमच्याविषयी' या पानावर गेले. पहिली मागणी आली, त्या संध्याकाळी मेहुण्यांनी हार आणला आणि घरातल्या तसबिरीला घातला.