गोंदात रुतलेली बॅटरी

मोबाइल फोनचे बहुतेक भाग अपघाताने निकामी होतात. बॅटरी मात्र नीट वापरूनही निकामी होतेच, आणि म्हणून ती मुळातच बदलण्याची वस्तू होय. असे असूनही गेल्या दीड दशकात फोनची रचना अशी बदलत गेली, की जे काम पूर्वी नखाने होत असे त्यासाठी आज तापवणारे यंत्र, विशिष्ट पेचकस आणि बराच धीर लागतो. ही अडचण बॅटरीच्या रसायनातून कमी आणि तिला जागी धरून ठेवणाऱ्या गोंदातून अधिक निर्माण झाली आहे.

जी सोनी कंपनीने १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली आणि जिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या लिथियम-आयन बॅटरीत दोन विद्युतअग्रे असतात. त्यांपैकी ऋणाग्र ग्रॅफाइटचे आणि धनाग्र फोनमध्ये बहुधा लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचे असते. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, धनाग्राकडून ऋणाग्राकडे जाऊन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि फोन वापरताना परत फिरतात. या ये-जेसाठी मध्ये इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्वलनशील सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार, भरलेला असतो. दोन अग्रे एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो, ज्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते. घरी बॅटरी बदलण्यात जो धोका असतो तो जवळजवळ सगळा या पडद्याच्या नाजूकपणात सामावलेला आहे.

पहिल्या चार्जिंगपासूनच ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून एक पातळ लेप धरू लागतो. हा लेप बॅटरीला आवश्यकही असतो, परंतु तो जसजसा वाढतो तसतसे थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते, बॅटरीत मावणारा भार घटतो आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज ठेवण्याची सवय या दोन्हींमुळे ही झीज वेगाने होते, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात मोटारीत ठेवून दिलेला फोन वर्षानुवर्षांची झीज लवकर भोगतो. वाढलेल्या रोधामुळेच जुना फोन २० टक्के भार दाखवत असताना एकाएकी बंद पडतो. कॅमेरा सुरू होताच विजेची मागणी वाढते, बॅटरीचे व्होल्टेज कोसळते आणि फोन स्वतःला मिटवून घेतो. अशा बंद पडण्याला आळा घालण्यासाठी ॲपलने जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, आणि ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये या कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. या प्रकरणाचा एक चांगला परिणाम असा झाला, की २०१८ पासून बॅटरीची उरलेली क्षमता आयफोनच्या सेटिंगमध्येच दिसू लागली. ही क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली उतरली की बॅटरी बदलण्याची वेळ आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

बॅटरी फुगणे ही मात्र वेगळी अवस्था आहे. इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून कार्बन डायऑक्साइडसारखे वायू साठतात, ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात बांधलेली बॅटरी उशीसारखी होते आणि फोनची काच किंवा पाठ कडेने उचलली जाते. असा फोन लगेच बंद करावा, तो चार्जिंगला लावू नये, आणि घरी उघडण्याचा विचार तर करूच नये. फुगलेली बॅटरी गोंदातून सोडवताना ती दाबली किंवा वाकवली जाणे अटळ असते आणि हे काम अनुभवी दुरुस्तीवाल्याकडेच सोपवावे लागते. फुगवटा दाबून झाकण पुन्हा बसवणे हा तर निव्वळ वेडेपणा आहे.

गोंद आला कुठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये बीएल-५सी या बॅटऱ्यांपैकी ४ कोटी ६० लाख नगांबाबत, त्या चार्ज होताना तापू शकतात, अशी सूचना दिली, तेव्हा भारतभर घबराट पसरली. पण ग्राहकांना आपापल्या फोनचे झाकण सरकवून, बॅटरी हातात घेऊन तिच्यावरचा क्रमांक पाहता आला. त्याच वर्षी आलेला पहिला आयफोन मात्र बंद पाठीचा होता, आणि २०१५ मध्ये सॅमसंगनेही आपल्या गॅलेक्सी एस मालिकेत तोच मार्ग धरला. पातळ बांधा, काचेची पाठ आणि पाण्यापासून संरक्षण ही त्यामागची कारणे खरी आहेत, परंतु ती जितकी अपरिहार्य म्हणून सांगितली जातात तितकी नाहीत. नेदरलँड्समधील फेअरफोन ही कंपनी आजही वापरकर्त्याला स्वतः सहज बदलता येणारी बॅटरी देते.

बॅटरी सुस्थितीत असून केवळ थकलेली असेल, तर ती घरी बदलता येते, मात्र त्याआधी त्याच मॉडेलचा दुरुस्तीचा मार्गदर्शक शेवटपर्यंत पाहून बॅटरी नेमकी कशी चिकटवलेली आहे हे जाणून घ्यावे. काही फोनांत बॅटरीखाली ताणून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या असतात, काहींत बॅटरीभोवती ओढण्याची प्लास्टिकची पट्टी असते, आणि काहींत बॅटरी थेट घट्ट गोंदावर बसवलेली असते. पहिल्या दोन प्रकारांत हात सावध असलेल्या व्यक्तीला हे काम जमू शकते; तिसऱ्या प्रकारात ते न करणेच शहाणपणाचे ठरते.

काम सुरू करण्यापूर्वी फोनमधील माहितीची प्रत काढून ठेवावी आणि भार २५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत फोन वापरावा, कारण ५००० मिलिअँपिअर-तासांच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास, म्हणजे ९ वॉटचा एलईडी दिवा दोन तास जळेल इतकी ऊर्जा असते, आणि पडदा फाटल्यास ती काही क्षणांत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाठ किंवा स्क्रीन धरून ठेवणारा गोंद साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ होतो, आणि पंचाईत अशी की बॅटरीला ६० अंशांवरचे तापमान मानवत नाही; म्हणून ऊब फक्त कडेला, थोडी थोडी आणि थांबत थांबत द्यावी, मग सक्शन कपने फट पाडून प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवावी. काही फोनांत बोटांच्या ठशांच्या संवेदकाची किंवा बटणांची तार पाठीला जोडलेली असते, त्यामुळे पाठ एकदम उपसली तर ती तुटते.

आत गेल्यावर सर्वांत पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचे असते. तो जोडलेला असताना धातूचे हत्यार मदरबोर्डवर घसरले तर शॉर्ट सर्किट होऊन संपूर्ण फोन जाऊ शकतो. स्क्रू काढताना ते कागदावर फोनचे चित्र रेखाटून आपापल्या जागी ठेवावेत, कारण त्यांच्या लांबीत मिलिमीटरच्या दशांशांचाच फरक असतो आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला तर तो बोर्डातील तारा चिरत जातो. चिकटपट्टी बॅटरीला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढावी लागते. ती तुटलीच तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडून काही मिनिटे थांबावे आणि नंतर प्लास्टिकच्या पट्टीने बॅटरी हळूच सुटी करावी. सुरी, ब्लेड किंवा पेचकस यांना येथे अजिबात स्थान नाही. या साऱ्या कटकटीची जाणीव कंपन्यांनाही झाली असावी, कारण आयफोन १६ मध्ये ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा प्रवाह सोडला असता आपोआप सुटणारा गोंद वापरलेला आहे.

बॅटरीतून धूर, गोडसर रासायनिक वास किंवा फुसफुस असा आवाज येऊ लागला, तर तिला वाचवण्याच्या फंदात न पडता जवळ ठेवलेल्या कोरड्या वाळूच्या भांड्यात टाकून खोलीबाहेर पडावे, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असू शकतो.

नवी बॅटरी निवडणे हे खरे तर स्क्रूंपेक्षा कठीण काम आहे. मुंबईतील लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील दुकानापर्यंत ‘ओरिजिनल’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो, की त्याला काही अर्थ उरलेला नाही. वेष्टनावर आयएस १६०४६ या भारतीय मानकाचा उल्लेख आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, चार्जिंगची व्होल्टेज-मर्यादा जुन्या बॅटरीइतकीच आहे का आणि उत्पादनाची तारीख अलीकडची आहे का, हे पाहावे. न वापरलेली बॅटरीही कपाटात झिजतच असते. अलीकडच्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी बसवल्यास ती अस्सल असल्याची खात्री करता येत नाही, अशी सूचना दिसते, आणि कोणताही फोन उघडल्यावर त्याच्या मूळच्या जलरोधकतेचा भरवसा धरता येत नाही. भारतात दुरुस्तीची मजुरी तुलनेने कमी असल्यामुळे घरी बॅटरी बदलून फार पैसे वाचतात असेही नाही. ज्याला त्या कामाची गोडी आहे, किंवा ज्याच्या आसपास विश्वासू कारागीर नाही, त्यानेच हा खटाटोप करावा.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील बॅटऱ्या सामान्य वापरकर्त्याला काढता व बदलता येतील अशाच असाव्या लागणार आहेत, जरी दीर्घकाळ टिकणाऱ्या बॅटऱ्यांच्या फोनांना त्यातून काही सवलत मिळते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले असून कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती तेथे द्यावी अशी अपेक्षा आहे.

काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली गेल्यास पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवण्याची जबाबदारी ग्राहकावर आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, तेव्हा तिच्या कनेक्टरवर विद्युतरोधक पट्टी चिकटवून ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात जमा करावी.