हिरवे दिसते ते सगळे वर्षावन नसते

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की सिटी सेंटर, लष्कर भागातल्या मराठी घरांत कोकण-महाबळेश्वरच्या सहलीचे बेत रंगतात. 'तिकडे काय जंगल आहे, आपल्याकडे नुसती काटेरी झुडपे' हे वाक्यही बैठकीत हमखास ऐकू येते. त्यातले अर्धे खरे आहे. आंबोलीला वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ग्वाल्हेरची वर्षाची सरासरी १००० मिलिमीटरही भरत नाही. पण पाऊस, हिरवळ आणि मोठे प्राणी एवढ्याच मापांनी जंगल मोजले, तर वर्षावनाबद्दलच्या बहुतेक समजुती चुकतात. अशा काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : वर्षावन म्हणजे ॲमेझॉन. आपल्याकडे ते नाही.

वस्तुस्थिती : भारतात उष्णकटिबंधीय वर्षावने मुख्यतः तीन भागांत आहेत : पश्चिम घाट, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबार बेटे. वर्षाला साधारण २००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस आणि वर्षभर टिकणारी ऊब व ओलावा या त्यांच्या मुख्य गरजा.

महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर पाऊस या मापापेक्षा कितीतरी जास्त पडतो, अडचण त्याच्या वाटपाची आहे. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे जातात. केरळात मान्सून आधी पोहोचतो, परतीचा पाऊसही चांगला मिळतो, त्यामुळे सायलेंट व्हॅलीसारखे उंच, दमट अरण्य तिथे उभे राहते. सह्याद्रीत उत्तरेकडे सरकत जावे तशी झाडे ठेंगणी होत जातात. महाबळेश्वरच्या दाट राईत अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे राज्य दिसते. आपल्या अनेक घाटरानांना वनस्पतिशास्त्रज्ञ 'निमसदाहरित' म्हणतात, ते या लांबलेल्या उन्हाळ्यामुळे. तरीही आंबोली, तिळारी, राधानगरी, चांदोली, कोयना आणि गोव्यातील म्हादईचे खोरे हे सारे याच वनकुळातले आहेत.

गैरसमज २ : पावसाळ्यात हिरवेगार दिसते ते वर्षावन आणि झाडे नसलेला सडा (कातळाचे पठार) म्हणजे उजाड जमीन.

वस्तुस्थिती : ऑगस्टमध्ये सह्याद्रीचा दगडसुद्धा हिरवा असतो. जंगल ओळखायचे असेल तर एप्रिलमध्ये जावे. डोंगराच्या कोरड्या पूर्व उतारावरची पानझडी झाडे तेव्हा निष्पर्ण असतात आणि घाटमाथ्यावरच्या दऱ्याखोऱ्यांत सदाहरित पट्टे वेगळे उठून दिसतात.

कातळसड्यांचा प्रकार निराळा आहे. तिथे मातीचा थर इतका पातळ असतो की मोठे झाड मूळ धरत नाही. म्हणजे ती जागा मुळातच झाडांची नाही. साताऱ्याजवळचे कास पठार याच प्रकारातले. पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे आहेत. आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर झँथोफ्रायने टायगेरिना नावाचा भेक सापडतो. २००९ मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. पहिल्या पावसात खडकावर साचलेल्या उथळ डबक्यांत त्याचे प्रजनन चालते. जगात त्याला राहायला एवढीच चिमूटभर जागा आहे आणि तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. अशा सड्यावर खड्डे खणून रोपे लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे.

गैरसमज ३ : सदाहरित झाडांची पाने गळत नाहीत.

वस्तुस्थिती : गळतात, पण सगळी एकदम गळत नाहीत. जुने पान पडते तोवर नवे आलेले असते, म्हणून झाड कधी उघडे पडत नाही. कोवळी पालवी पुष्कळदा लालसर किंवा तांबूस असते. अशा जंगलाच्या आत भर दुपारीही अंधार असतो, कारण वरच्या छतातून गाळून जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश जेमतेम एक-दोन टक्के असतो. त्यामुळे जुन्या, अस्पर्श वर्षावनात तळाशी झुडपे विरळ असतात आणि चालणे तुलनेने सोपे जाते. सिनेमात कोयत्याने छाटत जावे लागते तशी गचपण रस्त्याकडेला, नदीकाठी किंवा पूर्वी तोड झालेल्या जागी माजते.

गैरसमज ४ : एवढी झाडे वाढतात म्हणजे माती सोन्यासारखी असणार.

वस्तुस्थिती : माती बहुधा निकृष्ट असते. हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने तिच्यातले विद्राव्य क्षार धुऊन नेलेले असतात आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरतात. कोकणातला जांभा दगड अशाच प्रक्रियेतून तयार झाला. या जंगलाची सारी संपत्ती अंगावरच्या दागिन्यांत आहे, तिजोरी रिकामीच. पान गळले की बुरशी, वाळवी आणि जिवाणू ते झपाट्याने कुजवतात आणि वरवर पसरलेली मुळे त्यातले अन्न लगेच शोषून घेतात. काहीच साठून राहत नाही.

सह्याद्रीतल्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भाताची रोपे टाकण्याआधी तो 'राब' भाजतो, म्हणजे रानातल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण वाफ्यावर पसरून जाळतो. मातीत नसलेले सत्त्व तो पानांतून आणतो. याच कारणाने वर्षावन तोडून केलेली शेती पहिली काही वर्षे पिकते आणि मग जमीन हात वर करते. ॲमेझॉनमध्ये पावसाने वाहून जाणाऱ्या फॉस्फरसची थोडी भरपाई तर अटलांटिक ओलांडून येणारी सहाराची धूळ करते.

गैरसमज ५ : वर्षावनात वाघ-हत्तींची गर्दी आणि पावलोपावली साप.

वस्तुस्थिती : जमिनीवर चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांना गवत लागते आणि गवताला ऊन. दाट छताखाली दोन्हींची टंचाई असते. म्हणून मोठ्या शाकाहारी प्राण्यांचे मोठाले कळप पाहायचे तर कोरडी, खुली जंगले आणि गवताळ माळ गाठावे लागतात. नामिबियातून आणलेले आठ चित्ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी ग्वाल्हेरहून फार दूर नसलेल्या कुनोच्या कोरड्या रानात सोडले गेले, सह्याद्रीत नव्हे. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघांच्या संख्येत त्याची ताडोबाशी बरोबरी नाही. राधानगरीत गवे आहेत आणि तेही चरायला बहुधा गवताळ मोकळ्या जागांवर उतरतात.

वर्षावनाची खरी श्रीमंती लहान जिवांत आहे आणि तिचा बराचसा भाग डोक्यावर, झाडांच्या छतात राहतो. शेकरू ही मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आपले बहुतेक आयुष्य फांद्यांवर काढते. तिच्यासाठी भीमाशंकरचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले. छत सलग असेल तरच ती एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेऊ शकते. मधून रस्ता गेला की तिचे जग दोन तुकड्यांत विभागले जाते.

बेडकांची तऱ्हा त्याहून अजब. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे बांधतो, अंडी फुटली की पिल्ले थेट खालच्या पाण्यात टपकतात. काही झुडूपबेडकांना तर पाणीही लागत नाही. अंड्यातून शेपटीवाले पिल्लू न येता इवलासा तयार बेडूकच बाहेर पडतो. मात्र त्यासाठी पाचोळा दमट राहायला हवा. पाय नसलेले, मातीत राहणारे देवगांडूळ हेही बेडकाच्या गोतातले उभयचर. पश्चिम घाटातील उभयचरांच्या तीन-चतुर्थांश प्रजाती जगात इतरत्र कुठेही नाहीत. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा लहानसा मासा २०२० मध्ये विज्ञानाला माहीत झाला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

साप आहेतच, पण त्यांतले बरेचसे माणसाची चाहूल लागताच बाजूला होतात. पावसाळ्यात पायाला हमखास चिकटणारा प्राणी म्हणाल तर जळू.

गैरसमज ६ : वर्षावने पृथ्वीची फुफ्फुसे आहेत. जगाचा २० टक्के प्राणवायू ॲमेझॉन देते.

वस्तुस्थिती : पाने दिवसा जेवढा प्राणवायू सोडतात, जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पाचोळा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांत खर्च होतो. पूर्ण वाढलेल्या जंगलाची निव्वळ शिल्लक शून्याच्या जवळपास असते. हवेतला २१ टक्के प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, जंगल जळाले म्हणून आपला श्वास कोंडणार नाही.

ही समजूत नुसती चूक नाही, ती लक्ष भलतीकडे नेते. वर्षावनाचे मोल दोन गोष्टींत आहे. एक, लाकडात आणि मातीत कोंडलेला प्रचंड कार्बन, जंगल जाळले की तो हवेत जातो. दुसरे, पाणी. झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफेच्या रूपाने सोडतात आणि ॲमेझॉनवरची ही वाफ दूरच्या प्रदेशांतही पाऊस पाडते. आपल्याकडे पाचोळ्याचा जाड थर पावसाचे पाणी मुरवतो आणि नंतर हळूहळू झऱ्यांतून सोडतो. कृष्णा-कोयना महाबळेश्वरला, भीमा भीमाशंकरला आणि हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. अशा नद्यांना पावसाळ्यानंतर मिळणाऱ्या पाण्याची काळजी घाटमाथ्यावरचे रान घेते.

गैरसमज ७ : तोडले तर काय झाले, पुन्हा लावता येते.

वस्तुस्थिती : रोपे लावता येतात, जंगल लावता येत नाही. धनेशाचे उदाहरण घ्या. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. अंडी उबवून पिल्ले मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून फळे भरवतो. एवढी मोठी ढोली पडायला झाड खूप जुने आणि जाड लागते. धनेश उंबर-वडाची आणि मोठ्या बियांची रानफळे खातो, बिया दूरवर टाकतो आणि त्यातून पुढची झाडे उगवतात. जुने झाड गेले की धनेश जातो, धनेश गेला की मोठ्या बियांची वाहतूक थांबते.

दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल आहे. वाहत्या पाण्यात उभी असलेली ही झाडे श्वास घेण्यासाठी मुळांचे गुडघे चिखलाबाहेर काढतात. मुळाशी आलेला ओढा वळवला की त्यांचा निकाल लागला. त्याच तालुक्यात जंगल काढून रबराची लागवड झाली आहे. दुरून तीही हिरवीच दिसते, पण एकाच जातीच्या, एकाच वयाच्या त्या रांगांत ना ढोली आहे, ना उंबर, ना दमट पाचोळा.

गैरसमज ८ : ग्वाल्हेरचे कोरडे रान म्हणजे बिघडलेले जंगल.

वस्तुस्थिती : ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. इथे वर्षावन कधी अपेक्षितच नव्हते. करधई, सालई आणि खैर उन्हाळ्यात पाने टाकून पाणी वाचवतात. करधई तर हवेत नुसता ओलावा आला तरी पालवते. ही कोरड्या हवामानाशी जुळलेली वेगळी, पूर्ण रचना आहे. चित्ता, चिंकारा यांना तीच हवी.

म्हणून वृक्षारोपणाचा उत्साह असेल तर तो ग्वाल्हेरात करधई, सालई, खैर यांसारख्या इथल्या झाडांसाठी वापरावा, शोभेची हिरवाई लावण्यात नव्हे. आंबोली-महाबळेश्वरला जाल तेव्हा सड्यावर गाडी घालू नका, वाटेवरचा बेडूक हाताळू नका, आणि घाटात रस्तारुंदीसाठी जुने झाड पडणार असेल तर स्थानिक लोकांच्या हरकतीला आपलाही आवाज जोडा. वर्षावनाला नव्या रोपांपेक्षा एका गोष्टीची गरज जास्त आहे : जे उभे आहे ते न तोडण्याची.