मादलेनचा रंग

खुर्चीत एक काळी तरुणी बसली आहे. अंग एका बाजूला वळलेलं, चेहरा मात्र आपल्याकडे. डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं, खुर्चीच्या पाठीवर निळं वस्त्र, मागे नुसती फिकट भिंत. 81 बाय 65 सेंटिमीटरचं हे तैलचित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. मारी-गियमिन बेनुआ या चित्रकर्तीने ते 1800 साली ‘सालों’ प्रदर्शनात मांडलं. मी ते छापील प्रतीतच पाहिलंय, आणि अंबाजोगाईतल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात तीच प्रत लावलीय.

त्याला कारण आहे. मुलांना आईचं चित्र काढायला सांगितलं, की हात पेटीतल्या गुलाबीसर खडूकडे जातो. त्याला सगळे ‘स्किन कलर’ म्हणतात. आई शेतात राबणारी, सावळी. कागदावर उतरते गोरीपान. मला ते फार लागतं. मग मी मुलांना या बाईचा खांदा दाखवते. कुठे तांबूस, कुठे निळसर, उजेड पडतो तिथे जवळजवळ सोनेरी. काळा रंग एकटा कुठेच नाही. तैलरंगात हे साधतं, कारण ते जवसाच्या तेलात कालवतात. चटणीचं तेच जवस! हे तेल सावकाश वाळतं, म्हणून एक छटा दुसरीत हळूहळू मिसळता येते.

बेनुआने ही त्वचा मन लावून पाहिली, यात शंका नाही. पण त्या बाईची एक छाती उघडी ठेवलीय, ते मला खटकतं. असं बसायला ती ‘नाही’ म्हणू शकली असती का? बेनुआच्या दिराने ग्वादलूप या फ्रेंच वसाहतीतल्या बेटावरून आणलेली ती नोकर असावी, असं अभ्यासक सांगतात. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी 1794 साली रद्द केली होती. नेपोलियनने 1802 मध्ये ती परत आणली. ती कायमची गेली 1848 साली. म्हणजे हे चित्र 1794 ते 1802 या आठ वर्षांच्या फटीतलं आहे.

फ्रेंच सरकारने 1818 साली ते विकत घेतलं. चित्रावर बेनुआची सही आहे, पण शीर्षकात बाईची ओळख फक्त तिच्या वर्णाने होती. 2019 साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या प्रदर्शनात ते ‘मादलेनचं व्यक्तिचित्र’ म्हणून लागलं. माझ्या मुलांना मी पहिल्या दिवसापासून तेच नाव सांगते.