वयोमानानुसार विरंगुळा

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीने एके वर्षी करमणुकीसाठी काही रकमेची तरतूद केली आणि तिच्या विनियोगाचा मसुदा तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात टाकले, तेव्हा इतिवृत्ताच्या वहीत तीन ओळी आधीच लिहून ठेवलेल्या होत्या : मुलांना सुट्टीतले शिबिर, तरुणांना क्रिकेटचे सामने, आणि ज्येष्ठांना चार बाके व सायंकाळचे भजन. स्त्रियांची आठवण मागाहून, हळदीकुंकवाच्या सदराखाली, झालेली होती. आणि तिशी ते पंचावन्न या वयातले इसम, ज्यांच्या वर्गणीवर हा सारा डोलारा उभा, त्यांचा मात्र कोठे मागमूस नव्हता. लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. पण वयाविषयीचे आपले बहुतेक गैरसमज त्या तीन ओळींत सुखाने नांदत होते.

त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रतिष्ठित असा की, वार्धक्याला हवी असते ती केवळ विश्रांती. १९६१ साली इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या अमेरिकन संशोधकांनी त्याला शास्त्राचा पेहरावही चढवला. वृद्ध मनुष्य आणि समाज परस्परांपासून हळूहळू दूर सरतात आणि हे दूर सरणे उभयपक्षी स्वाभाविक असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे त्यावर इतके आक्षेप आले की आज ते बहुतांशी त्याज्य मानले जाते. आपल्याकडे मात्र वानप्रस्थाचा दाखला देऊन तेच मत अजून ऐकवले जाते, आणि वानप्रस्थाला निघालेल्या मनुष्याला अरण्यात पाणी व सरपण स्वतःच आणावे लागत असे, याचा सोयीस्कर विसर पडतो.

क्षीण झालेले बळ पुन्हा मिळत नाही, ही या समजुतीची धाकटी बहीण. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील एका प्रयोगात, शुश्रूषागृहात राहणाऱ्या नव्वदीच्या घरातील दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. एकाने तो मध्येच सोडला, पण उरलेल्या नऊ जणांच्या पायांतील बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नऊ ही संख्या लहान आहे हे खरे. तरीही नव्वदीतला स्नायू शिकवल्यास शिकतो, एवढे सिद्ध करायला ती पुरेशी ठरली. ‘मी रोज बागेत तीन फेऱ्या मारतो, तेवढे पुरे’ असे अभिमानाने सांगणाऱ्या ज्येष्ठांनाही येथे थोडे थांबवावे लागते. चालणे हितावहच आहे. पण म्हातारपणी घात करते ते पडणे, आणि २०१९ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा, तोल सांभाळण्याच्या आणि उठबस, पायरी चढणे अशा नित्याच्या हालचालींच्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने घटते असे आढळले. नुसत्या चालण्याच्या बाबतीत तसा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे व बळाचे व्यायाम करावेत असे सांगते. मंगळागौरीचे खेळ पाहावेत : गिरकी, उठबस, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे, हे सारे त्यांत आहे. ज्या आजींचा तोल शाबूत आहे त्यांना केवळ जन्मतारखेवरून प्रेक्षकांत बसवू नये, आणि ज्यांचा नाही त्यांना खुर्चीच्या पाठीला धरून तेच पदन्यास करता येतात.

बुद्धीच्या बाबतीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण फार आडवी येते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असल्याचे दिसले. अर्थात खेळल्याने बुद्धी टिकते की बुद्धी टिकलेली माणसेच खेळायला येतात, हा पेच अशा पाहणीने पुरता सुटत नाही. पण संवादिनी शिकू इच्छिणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाला ‘आता काय उपयोग’ म्हणून परत पाठवण्याचा परवाना त्यातून निश्चितच मिळत नाही.

मुलांच्या शिबिराविषयी थोडक्यात. सकाळी आठपासून तासिका आखल्या की मनोरंजन झाले, असे मानणारे पालक पुष्कळ आहेत. वस्तुतः तीन वर्षांची दोन मुले शेजारी बसून आपापली वाळू उकरीत असतात तेव्हाही ती खेळतच असतात, हे मिल्ड्रेड पार्टेनने १९३२ सालीच नोंदवून ठेवले आहे. एकाच क्रीडाप्रकारात लवकर जुंपल्याने मूल निष्णात होते ही समजूतही बहुतेक खेळांत टिकत नाही; पंधरा-सोळा वर्षांपर्यंत थांबावे, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ सालची शिफारस आहे. किशोरींना खेळाची आवडच नसते, हे तर साफ खोटे. अकरा ते सतरा वयाच्या ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करीत नाहीत असे १४६ देशांच्या आकडेवारीवरून दिसले; परंतु मुलगेही ७८ टक्के होते, आणि आमच्या मैदानावर संध्याकाळी क्रिकेटने सारी जागा अडवलेली असते व दिवा एकच, ही बाब आवडीनिवडीच्या खात्यावर मांडता येत नाही.

राहता राहिले मधले लोक. त्यांना करमणुकीची गरज नाही असे कोणी उघड म्हणत नाही. त्यांना वेळ नाही, असे म्हणतात. वेळ हा मात्र मिळवावा लागलेला आहे : नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात रविवार पडला तो १८९० साली, आणि योगायोग असा की हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ हे साप्ताहिकही त्याच वर्षी सुरू झाले. प्रौढांना आठवड्याला १५० मिनिटांची मध्यम हालचाल पुरते. ती रात्री साडेनऊला, अर्ध्या तासाच्या बॅडमिंटनमध्ये, घरच्या मुलासमवेत घडू शकत असेल तर कार्यक्रम त्या वेळेला मुक्रर करावा, सकाळी अकराला नव्हे.

प्रत्येक वयाला वेगळे दालन हवे, हाही समितीचा आग्रह होता. मी भोंडल्याचे उदाहरण दिले : पाटावरच्या हत्तीभोवती परकरातली नात आणि तिची आजी एकाच फेरात फिरतात, आणि खिरापत ओळखण्यात नातीचाच वरचष्मा असतो.

मसुदा काही दुरुस्त्यांसह मंजूर झाला. बाके मी वगळली नाहीत. फक्त त्यांना पाठ आणि दोन्ही बाजूंनी हात असावेत, एवढी उपसूचना जोडली, कारण हात असलेल्या बाकावरून उठणे सोपे जाते.