पंपघराचा हिशेब आणि कॉलेजातले विषय



चंद्रपूरहून ताडोब्याच्या रस्त्याला लागलात की शहर मागे पडते न पडते तोच ऊर्जानगरची उंच धुराडी दिसू लागतात. येथील औष्णिक वीजकेंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. १९९७ पर्यंत संच सात झाले आणि क्षमता २,३४० मेगावॅटवर गेली. २०१६ साली ५०० मेगावॅटचे आणखी दोन संच आले. सर्वांत जुने दोन संच आता बंद झाले आहेत आणि केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे.

कोळशापासून वीज कशी होते हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. आज आपण निराळा प्रश्न विचारू. एवढे मोठे केंद्र बांधताना कोणते काम आधी, कोणते मागून, कोणते काम कशासाठी थांबून राहील, हे कोण ठरवतो? त्या माणसाला बांधकाम व्यवस्थापक म्हणतात. ज्यांचे वडील किंवा काका केंद्रात अथवा ठेकेदाराकडे कामाला आहेत, त्यांनी तो पाहिलाही असेल: डोक्यावर हेल्मेट, काखेत नकाशाची गुंडाळी आणि कानाला फोन. तो दिवसभर नेमके काय करतो हे मात्र लांबून कळत नाही. ते कळले, तर त्यासाठी कॉलेजात काय शिकावे हेही पुष्कळसे कळेल.

त्यासाठी एक छोटे काम घेऊ. वीजकेंद्राला पाणी लागते आणि ते इरई धरणातून येते. समजा, तेथे एक लहानसे पंपघर बांधायचे आहे. आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत.

पाया खोदायला ८ दिवस. पायात सळया बांधून काँक्रीट ओतायला ६ दिवस. त्यावर पाणी मारत ठेवायला १० दिवस. भिंती १६ दिवस. छताचे सेंटरिंग, सळया आणि स्लॅब ओतणे ८ दिवस. स्लॅबखालचे टेकू काढण्यापूर्वी १४ दिवस थांबणे. बेरीज करा: ६२ दिवस. (प्रत्यक्षात पायावर पाणी मारत असतानाच पुढचे काही काम सुरू करतात, आपण हिशेब सोपा ठेवू.) पंप मात्र कारखान्यातून यायचा आहे. मागणीपत्र गेल्यापासून तो येईपर्यंत ९० दिवस. मग तो बसवायला ७ आणि चाचणीला ३ दिवस.

आता सांगा, पंपघर किती दिवसांत चालू होईल? ६२ अधिक १०० असे उत्तर कोणी देणार नाही, कारण बांधकाम आणि पंपाची वाट पाहणे ही कामे एकाच वेळी चालतात. उत्तर १०० दिवस. बांधकाम ६२ व्या दिवशी उरकेल आणि पुढे २८ दिवस पंपाची वाट पाहील. गवंडी दहा दिवस गावी गेला तरी काम लांबणार नाही. पण मागणीपत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी दहा दिवस पडून राहिले, तर सगळे काम दहा दिवस लांबेल! वाळू, गिट्टी, मिक्सर, मजूर हे सगळे डोळ्यांना दिसते, म्हणून आपल्याला वाटते की उशीर तेथेच होतो. येथे तो एका कागदात आहे.

कामांच्या अशा साखळ्यांपैकी जी सर्वांत लांब, तिला निर्णायक मार्ग, इंग्रजीत क्रिटिकल पाथ, म्हणतात. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीचे जेम्स केली यांनी ही पद्धत बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिच्यासारखीच पर्ट ही पद्धत काढली. त्यात गणित म्हणाल तर बेरीज, वजाबाकी आणि दोन संख्यांतली मोठी कोणती हे ओळखणे. मग त्यासाठी चार वर्षांचे कॉलेज कशाला?

थांबा. आपल्या हिशेबात एक चूक राहिली आहे.

पंप पायावर बसतो तो काँक्रीटमध्ये आधीच पक्क्या केलेल्या बोल्टांवर. ते बोल्ट कोठे आणि किती अंतरावर, हे पंपाच्या नकाशावरून कळते आणि तो नकाशा पंप बनवणारा कारखाना पाठवतो. समजा, तो मागणीनंतर २१ दिवसांनी येतो. म्हणजे खोदाई ८ दिवसांत झाली तरी पायाचे काँक्रीट २१ व्या दिवसापर्यंत ओतता येणार नाही. आता बांधकाम संपेल २१ अधिक ५४, म्हणजे ७५ व्या दिवशी. २८ दिवसांची मोकळीक १५ वर आली.

ही चूक बेरजेत नव्हती. ज्याने यंत्राचा नकाशा कधी वाचला नाही, त्याला या दोन कामांमधला धागा दिसतच नाही. एका बांधकामावर मी नव्या पायाला छिन्नी लावून बोल्टांची भोके पाडताना पाहिली आहेत. नकाशा येण्याआधीच काँक्रीट ओतून सगळे खूश झाले होते. बेरीज संगणक करतो. पण कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे त्याला माणसाने सांगावे लागते. कॉलेज आहे ते हे धागे ओळखायला शिकण्यासाठी.

आता काम १ एप्रिलला सुरू करू. स्लॅब ओतून होईल ६१ व्या दिवशी, म्हणजे ३१ मे रोजी. पंधरा दिवसांची मोकळीक आहे म्हणून ती सगळी खर्च केली, तर स्लॅब १५ जूनला जाईल, आणि आपल्याकडे पाऊस येतो तो जूनच्या मध्याच्याच सुमारास. कागदावरची मोकळीक पावसाला ठाऊक नसते. बरे, मे महिना तरी सोपा आहे का? चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा उन्हात काँक्रीटमधले पाणी उडून जाते आणि ते घट्टही लवकर होऊ लागते, म्हणून ओतण्याचे काम संध्याकाळी किंवा रात्री धरतात. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर एरवी किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. कोरड्या, उष्ण हवेत १० दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल तर अशा हवेत १४ दिवसांची शिफारस आहे.

ही राख म्हणजे वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी उडती राख. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना मोकळा होतो आणि राखेतली सिलिका त्या चुन्याशी सावकाश संयोग पावते. काँक्रीट पुढे चांगले घट्ट होते, पण सुरुवातीला बळ हळू धरते, म्हणून पाणी जास्त दिवस. म्हणजे रसायनशास्त्राच्या एका समीकरणाने आपल्या वेळापत्रकात चार दिवस वाढवले. ‘व्यवस्थापनच करायचे, मग रसायन कशाला?’ असे विचारणाऱ्याला हे चार दिवस दाखवावेत.

हीच पद्धत आता तुमच्या अभ्यासाला लावू.

शेवटचे टोक धरा: मोठ्या कामाचा व्यवस्थापक. त्यासाठी बांधकाम नियोजन, अंदाजपत्रक, करार असे विषय हवेत. काँक्रीटच्या रचनेचा विषय समजल्याशिवाय अंदाजपत्रक म्हणजे नुसती घोकंपट्टी होते. रचनेच्या आधी पदार्थांचे बल, त्याआधी उपयोजित यामिकी, म्हणजे बलांचे आणि समतोलाचे शास्त्र, आणि त्याच्याही आधी गणित. ही साखळी सर्वांत लांब. यातली एक कडी मागे राहिली की पुढच्या सगळ्या मागे राहतात. पहिल्या वर्षी यामिकीत कसेबसे सुटलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी रचनेत अडकतो आणि त्याला वाटते की तिसऱ्या वर्षाचा विषय अवघड आहे. अकरावीला गणित सोडले, तर पदवीचा सरळ रस्ता तेथेच बंद होतो.

भूमापन, मृदायामिकी, काँक्रीट तंत्रज्ञान हे विषयही हवेतच, पण त्यांची साखळी आखूड आहे. ऐच्छिक विषय निवडण्याची वेळ येईल तेव्हा बहुतेक मुले ज्यात गुण पडतात तो विषय घेतात. तुम्ही एक तरी विषय यंत्र किंवा विद्युत शाखेशी शेजारधर्म सांगणारा घ्या. पंपाचे बोल्ट आठवा. हिशेबशास्त्राची तोंडओळख असेल तर तीही घ्या. ठेकेदाराचे देयक अडले की मजुरांचा पगार अडतो आणि पगार अडला की काम अडते.

दहावीनंतर रस्ते दोन. एक, ब्रह्मपुरी किंवा गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश: तीन अधिक तीन, सहा वर्षे. दुसरा, अकरावी-बारावी विज्ञान, प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांची पदवी: दोन अधिक चार, सहाच वर्षे. पदवीसाठी चंद्रपुरातच १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नागपूरला विश्वेश्वरय्या संस्था आहे. लांबी सारखी, मग फरक कशात? समजा, मध्येच घरची अडचण आली आणि तीन वर्षांनी शिक्षण थांबवावे लागले. पहिल्या रस्त्यावर तुमच्या हाती पदविका आणि तिच्या बळावर साइटवरची नोकरी असते. दुसऱ्या रस्त्यावर बारावीचे गुणपत्रक आणि पदवीचे एकच वर्ष. ज्या घरी बाबांची नोकरी ठेकेदारीची आहे, तेथे हा फरक लहान नाही. उलट, थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचे पदवीचे पहिले वर्ष टळते आणि तेथले गणित कच्चे राहते. तो रस्ता घेतलात तर पदविकेनंतरची सुट्टी गणितासाठी राखून ठेवा. माझ्या मते घरची घडी डळमळीत असेल तर पदविका, नसेल तर बारावी.

पदवीनंतर दोन वर्षांचा खास अभ्यासक्रमही आहे. ऊर्जानगरचा पहिला संच सुरू झाला त्याच १९८३ साली बांधकाम व्यवसायातील कंपन्यांच्या पुढाकाराने निकमार ही संस्था स्थापन झाली. तिचे पुण्यात विद्यापीठ आहे. तेथे लगेच धावण्याची घाई नको. एक-दोन वर्षे मुकादमाबरोबर उन्हात काढून गेलात, तर वर्गातले निम्मे प्रश्न तुमचेच असतील.

आणि तुमच्या हिशेबातला पंप कोणता, ज्याची मागणी आजच टाकली पाहिजे? मराठी माध्यमातल्या मुलांसाठी तो इंग्रजी आहे. करार, मानके, यंत्रांचे नकाशे इंग्रजीत असतात, आणि ही भाषा नव्वद दिवसांत घरपोच येत नाही. आठवीत सुरुवात केली तर पुष्कळ मोकळीक, पदवीच्या तिसऱ्या वर्षी केली तर मुळीच नाही.

आता एक गणित तुमच्यासाठी. आपल्या पंपघराला राखमिश्रित सिमेंट वापरले, म्हणून पायावर १० ऐवजी १४ दिवस पाणी मारले, आणि पंपाचा नकाशा २१ ऐवजी ३० दिवसांनी आला. मोकळीक किती उरली आणि स्लॅब कोणत्या तारखेला ओतून होईल? वही घेऊन करून पाहा. मोकळीक २ दिवस आणि तारीख १३ जून आली, तर हिशेब बरोबर आहे. मग ताडपत्री कधी मागवायची, तेही त्याच वहीत लिहा.